पाहुण्यांचं इंग्रजी नीट कसं समजून घ्यावं: कोकणातल्या होमस्टेवाल्यांसाठी वाक्प्रचारांचं मार्गदर्शन

मालवण, तारकर्ली, देवबागपासून गुहागर, आंजर्ले, वेळास, हरिहरेश्वरपर्यंत ज्यांच्या घरी पाहुणे उतरतात, त्यांना कामापुरतं इंग्रजी आता येतं. खोलीचं भाडं, जेवणाची वेळ, होडी कधी सुटते हे सांगताना फारसं कुणी अडत नाही. घोटाळा होतो तो सगळे शब्द कळूनही अर्थ हुकतो तेव्हा. 'प्रॉन्स डोन्ट अग्री विथ मी' असं पाहुणीने सांगितलं, शब्द सगळे ओळखीचे, तरी रात्रीच्या ताटात कोळंबीची आमटी गेली. कोळंबी मला बाधते, असं ती सांगत होती.

यावर उपाय म्हणून 'एक हजार इंग्रजी वाक्प्रचार, अर्थासह' अशा छापाची यादी पाठ करायला घेतली जाते. तिचा उपयोग फार कमी होतो. तशा यादीत 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' हमखास असतं. जुलैतला धो धो पाऊस बघून आजचा पाहुणा बहुधा साधं 'इट्स पोअरिंग' म्हणतो. स्वयंपाकघरात रोज लागणारं 'होल्ड द चिली' मात्र त्या यादीत सापडत नाही. शिवाय यादीत नुसता अर्थ असतो. कोण, कुणाला, कधी बोललं हे नसतं, आणि वाक्प्रचाराचा निम्मा अर्थ तिथेच असतो.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी ऐकणं, मग दिशा ओळखणं, मग खात्री, मग वाचणं, आणि स्वतः बोलणं सगळ्यात शेवटी. बहुतेक जण सुरुवातच बोलण्यापासून करतात, तिथेच गणित चुकतं.

## टप्पा १: तयारी

एक शंभरपानी वही घ्या. तिचे चार भाग करा: जेवण, वेळ आणि बुकिंग, तब्येत, अभिप्राय. घरातल्या सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवा. पाहुण्यांशी निम्मं बोलणं वहिनींचं आणि मुलांचं होतं, त्यामुळे वही एकट्याची ठेवून चालत नाही.

नोंद करताना नुसता वाक्प्रचार लिहू नका. चार गोष्टी लिहा: पूर्ण वाक्य जसं ऐकलं तसं, बोलणारा कुठला, प्रसंग कोणता, आणि शेवटी त्याला नेमकं काय हवं होतं. नमुना असा:

'आय'म गुड, थँक्स.' पुण्याची मुलगी, दुसरा वडा वाढताना. तिला वडा नको होता.

शाळेत 'गुड' म्हणजे चांगलं एवढंच शिकवलेलं असतं. ताटावर हात धरून 'आय'म गुड' म्हटलं की त्याचा अर्थ 'पुरे' होतो. 'आय'म ऑल राइट, थँक्स' हाही नकारच. अशी एक नोंद यादीच्या दहा पानांपेक्षा जास्त कामाला येते.

फोनवर कॅम्ब्रिज किंवा मेरियम-वेबस्टर यांपैकी एका कोशाचं पान जतन करून ठेवा. दोन्ही इंटरनेटवर फुकट बघता येतात. शोधताना एकटा शब्द टाकू नका, पूर्ण वाक्प्रचार टाका. अर्थाआधी किंवा शेजारी बारीक अक्षरांत एखादी खूण असते, ती जरूर वाचा: 'यूके' म्हणजे ब्रिटिश वापर, 'यूएस' म्हणजे अमेरिकन, 'इन्फॉर्मल' म्हणजे घरगुती बोलणं, 'ओल्ड-फॅशन्ड' म्हणजे आता मागे पडलेलं, 'डिसअप्रूव्हिंग' म्हणजे नापसंतीने बोललेलं, 'ऑफेन्सिव्ह' म्हणजे समोरच्याला लागेल असं. ही खूण न वाचता अर्थ तेवढा उचलला की पुढे पंचाईत होते.

सावधान: भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये वाक्प्रचार तेवढाच तोडून टाकला तर पुष्कळदा शब्दाला शब्द असं भाषांतर येतं. निदान पूर्ण वाक्य टाका, आणि आलेलं मराठी प्रसंगाला जुळतं का ते बघा.

## टप्पा २: वाक्य सरळ नाही हे ओळखा

वाक्प्रचार ओळखायची खूण साधी आहे. जागेवर न शोभणारा एखादा शब्द वाक्यात घुसलेला असतो. जेवणाच्या बोलण्यात मरण आलं, बुकिंगच्या बोलण्यात पेन्सिल आली, भाड्याच्या बोलण्यात चोरी आली, की थांबा.

रात्री साडेदहाला मुंबई-गोवा महामार्गावरून निरोप येतो: 'रनिंग लेट, फोन अबाउट टू डाय, विल जस्ट क्रॅश व्हेन वी गेट देअर.' यात डाय आहे, क्रॅश आहे, आणि कशेडी घाटाच्या आसपास गाडी असेल तर घरातल्या माणसांच्या पोटात गोळा येणारच. निरोप इतकाच आहे: उशीर होतोय, फोनची बॅटरी संपत आलीय, पोचलो की थेट झोपणार. म्हणजे तुमचं काम काय? जेवण झाकून ठेवायचं की नाही ते लगेच विचारून घ्यायचं, कारण फोन थोड्या वेळाने लागणार नाही. गादी घालून ठेवायची, अंगणातला दिवा चालू ठेवायचा.

तपासा: वाक्याचा सरळ अर्थ घेतला तर तो प्रसंगाला बसतो का? बसत नसेल तर तो वाक्प्रचार आहे असं धरून पुढे चला. घाईने उत्तर देऊ नका.

## टप्पा ३: दिशा ठरवा

नेमका अर्थ नंतर शोधता येतो. समोरच्याला हवंय की नको, तो खूश आहे की नाराज, हे मात्र त्या क्षणी कळायला हवं. चुका इथेच सर्वांत जास्त होतात, कारण इंग्रजीत नकाराच्या वेषात होकार येतो आणि होकाराच्या वेषात नकार.

नकारासारखे दिसणारे होकार. 'आय वुडन्ट से नो टू अनदर' म्हणजे अजून एक वाढा. 'यू कान्ट गो राँग विथ सोलकढी' म्हणजे सोलकढी घ्यावी, ती चांगलीच असणार. 'आय कुड डू विथ सम टी' म्हणजे चहा मिळाला तर बरं. 'आय कुड मर्डर अ कप ऑफ टी' हे ब्रिटिश पाहुणा म्हणतो, तोही चहाच मागतोय.

होकारासारखे दिसणारे नकार. 'आय'म गुड' वर आलंच. 'मेबी नेक्स्ट टाइम' म्हणजे नको. 'वी'ल सी' म्हणजे ठरलेलं नाही. 'आय कुड डू विदाउट द म्युझिक' यात 'विथ' नाही, 'विदाउट' आहे: गाणी बंद करा, असं तो सभ्यपणे सांगतोय. त्या एका अक्षरगटाकडे कान हवा.

स्वयंपाकघरातल्या सूचना. 'गो ईझी ऑन द चिली' म्हणजे तिखट बेताने घाला. 'ईझी' ऐकून बिनधास्त घाला असा उलटा अर्थ निघू शकतो, आणि मालवणी मसाल्याच्या बाबतीत ही चूक महागात पडते. 'होल्ड द ओनियन्स' म्हणजे कांदा घालूच नका. इथे 'होल्ड'चा धरण्याशी संबंध नाही, वगळण्याशी आहे. 'आय'म ऑफ मीट' म्हणजे सध्या मांस खात नाही. 'आय'म स्टफ्ड' म्हणजे पोट तुडुंब भरलं, आता वाढू नका. आग्रहाची आपली रीत कितीही चांगली असली तरी 'स्टफ्ड' ऐकल्यावर तिसरा घावणा ताटात टाकू नये.

'वुड यू माइंड'चं उत्तर. 'वुड यू माइंड इफ वी स्मोक ऑन द पोर्च?' याचा अर्थ, आम्ही पडवीत सिगारेट ओढली तर तुमची हरकत आहे का? परवानगी द्यायची म्हणून 'येस' म्हटलंत तर शब्दशः 'हो, हरकत आहे' असं होतं. नको असेल तर 'प्लीज डोन्ट' म्हणा, चालत असेल तर 'गो अहेड' म्हणा. 'येस' आणि 'नो' दोन्ही टाळलेले बरे.

तपासा: मनात मराठीत एक वाक्य तयार करा: 'त्यांना अमुक हवंय' किंवा 'त्यांना अमुक नकोय'. ते तयार होत नसेल तर तुम्हाला अजून कळलेलं नाही. सरळ टप्पा ५ वर जा.

## टप्पा ४: वेळ आणि बुकिंगचे शब्द वेगळे काढा

इथे प्रकार थोडे आहेत, पण प्रत्येकामागे पैसे आहेत.

'पेन्सिल अस इन फॉर द फोर्टीन्थ' याला बुकिंग समजू नका. आमचं कच्चं नाव लिहून ठेवा, पक्कं नंतर कळवू, असा तो निरोप. या भरवशावर दुसऱ्याला नकार दिला तर खोली रिकामी राहते. आगाऊ रक्कम कोणत्या तारखेपर्यंत हवी ते त्याच उत्तरात लिहा. 'समथिंग केम अप' म्हणजे अडचण आली, आणि पुढचं वाक्य बहुधा रद्द करण्याचं असतं. 'वी माइट हॅव टू बेल' म्हणजे येणं जमेल असं वाटत नाही. 'टेक अ रेन चेक' हे अमेरिकन बोलणं: आज नको, पुन्हा कधीतरी. आपल्याकडच्या पावसाशी त्याचा संबंध नाही. 'वी'ल सेटल अप फर्स्ट थिंग' म्हणजे सकाळी उठल्याउठल्या हिशेब चुकता करू.

सगळ्यात फसवं 'हाफ सेव्हन'. ब्रिटिश माणसाचे ते साडेसात. पण जर्मन आणि डच भाषांत 'अर्धा सात' म्हणजे साडेसहा, आणि त्यांच्यापैकी कुणी आपल्या सवयीने इंग्रजी बोलला तर त्याच्या मनात साडेसहा असू शकतात. डॉल्फिन बघायला जाणारी होडी सकाळी वेळेवर सुटते, एक तास कुणासाठी थांबत नाही. म्हणून वेळ नेहमी आकड्यांत लिहून दाखवा: ६.३० की ७.३०.

'सेव्हनिश' म्हणजे सातच्या सुमारास. उत्तर इंग्लंडमधल्या कित्येक घरांत 'टी' म्हणजे संध्याकाळचं जेवण, तेव्हा 'व्हॉट टाइम इज टी?' विचारणाऱ्याला चहा विचारताय की जेवण, ते विचारून घ्या.

सावधान: तारीखही आकड्यात आली तर महिना शब्दात लिहून परत विचारा. अमेरिकन माणूस ५/४ लिहितो तेव्हा त्याला ४ मे म्हणायचं असतं. आपण ५ एप्रिल वाचतो. आंब्याच्या दिवसांत दोन्ही तारखांना गर्दी असते, म्हणून चूक लवकर लक्षातही येत नाही.

## टप्पा ५: खात्री करून घ्या

'व्हॉट इज द मीनिंग?' असं विचारलं की पाहुणा शब्दाचा अर्थ समजावत बसतो आणि चुलीवरचं तसंच राहतं. त्यापेक्षा तुम्हाला कळलेली कृती साध्या इंग्रजीत परत सांगा: 'सो, नो चिली. राइट?' चुकलं असेल तर तो लगेच दुरुस्त करेल. शंका मोठी असेल तर दोन पर्याय पुढे ठेवा: 'लेस चिली, ऑर नो चिली?' मग आत हाक जाऊ दे: 'त्यांका तिखट नको गो.'

लाज वाटण्यासारखं यात काही नाही. चांगल्या हॉटेलांतही वेटर ऑर्डर परत वाचून दाखवतोच.

तब्येतीच्या बाबतीत तर अंदाज अजिबात नको. 'अंडर द वेदर' म्हणजे बरं वाटत नाहीये, हवामानाची तक्रार नाही. 'माय टमी इज अ बिट ऑफ' म्हणजे पोट बिघडलंय. 'आय हॅव द रन्स' म्हणजे जुलाब होताहेत. ब्रिटिश माणूस 'अ बिट' म्हणून मोठं दुखणंही लहान करून सांगतो. दोनदा विचारा, डॉक्टर हवा का ते स्पष्ट विचारा.

'डझन्ट अग्री विथ मी' किंवा 'शेलफिश' असा शब्द आला तर आणखी पुढे जा. शेलफिशमध्ये कोळंबी, खेकडे, शेवंड, तिसऱ्या, कालवं सगळं येतं. सुरमई, बांगडा, पापलेट त्यात येत नाही. पाहुण्याला माहीत नसतं आणि आपल्या लक्षात राहत नाही अशी जागा म्हणजे वांग्याच्या भाजीतले सोडे आणि चटणीतला जवळा. तीही कोळंबीच आहे. 'इज इट अ‍ॅन अ‍ॅलर्जी?' एवढं विचारा. हो म्हटलं तर तळणीचं तेल आणि कढईसुद्धा वेगळी ठेवा.

तपासा: जेवण आणि तब्येत या दोन बाबतींत परत सांगून होकार मिळाल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका.

## टप्पा ६: अभिप्राय वाचताना घाई नको

पाहुणा गेल्यावर गूगलवर अभिप्राय येतो आणि घरातलं कुणीतरी लगेच उत्तर लिहायला बसतं. ते उत्तर जगाला दिसतं, म्हणून इथली चूक जास्त बोचते. एक नमुना उलगडून बघू:

'द मॅट्रेस हॅज सीन बेटर डेज, बट द फिश करी वॉज टू डाय फॉर अँड द फॅमिली कुडन्ट डू इनफ फॉर अस.'

घाईने वाचणाऱ्याला यात गादीचं कौतुक, माशांवरून मरणाची भाषा आणि कुटुंबाने पुरेसं केलं नाही अशी तक्रार दिसते. तिन्ही उलटं आहे. 'हॅज सीन बेटर डेज' म्हणजे गादीचे चांगले दिवस गेले, ती आता बदला. 'टू डाय फॉर' म्हणजे कालवण अप्रतिम. आणि 'कुडन्ट डू इनफ' म्हणजे घरच्यांनी इतकं केलं की करून थकलेच नाहीत. ही यातली सर्वांत मोठी दाद आहे, आणि तिला उत्तर म्हणून 'सॉरी, वी विल डू मोअर नेक्स्ट टाइम' असं लिहिलं की दाद देणारा गोंधळतो, आणि वाचणाऱ्या दहा जणांना वाटतं इथे काहीतरी बिनसलं होतं.

'कुडन्ट' किंवा 'कान्ट' दिसलं की वाक्य दोनदा वाचा. 'कुडन्ट बी हॅपियर' म्हणजे याहून खूश होणं शक्य नव्हतं. 'कान्ट फॉल्ट द प्लेस' म्हणजे नाव ठेवायला जागा नाही. 'सेकंड टू नन' म्हणजे दुसरा क्रमांक नाही, सर्वांत वरचा. 'फूड केम इन नो टाइम' म्हणजे जेवण झटपट आलं. 'नॉट ऑन टाइम' असतं तर ती तक्रार झाली असती. 'व्हॉट अ स्टील' म्हणजे या भावात एवढं मिळालं, लूटच. चोरीचा आळ समजू नका.

उलट बाजूला गोड शब्दांतल्या तक्रारी आहेत. 'द बाथरूम लीव्ह्ज अ लॉट टू बी डिझायर्ड' यात 'डिझायर' बघून हुरळू नका: बाथरूम बरंच निकृष्ट आहे. 'नथिंग टू राइट होम अबाउट' म्हणजे सामान्य, सांगण्यासारखं काही नाही. 'हिट अँड मिस' म्हणजे कधी चांगलं, कधी नाही. 'रफ अराउंड द एजेस' म्हणजे थोडं ओबडधोबड, पण चालेल. 'फिशी' म्हणजे संशयास्पद. हा शब्द हिशेबाच्या किंवा बिलाच्या संदर्भात आला तर तो गंभीर आरोप आहे, बोंबलांच्या वासाचा विषय नाही.

'अ' या एका अक्षरावरही लक्ष ठेवा. 'फ्यू प्रॉब्लेम्स' म्हणजे अडचणी जवळपास नव्हत्या. 'अ फ्यू प्रॉब्लेम्स' म्हणजे काही अडचणी होत्या. 'एनीथिंग बट क्वाएट' म्हणजे शांतता मुळीच नव्हती. 'ऑल बट एम्प्टी' म्हणजे जवळजवळ रिकामं. 'क्वाइट गुड' अमेरिकन माणसाने लिहिलं तर छान, ब्रिटिशाने लिहिलं तर पुष्कळदा नुसतं 'बऱ्यापैकी'.

तपासा: उत्तर लिहिण्याआधी अभिप्रायाचे तुकडे करा आणि प्रत्येकापुढे 'दाद' किंवा 'तक्रार' असं पेन्सिलीने लिहा. एकही तुकडा कोरा असेल तर त्या दिवशी उत्तर टाकू नका.

## टप्पा ७: मगच स्वतः बोला

स्वतः वापरायला मोजके चार पुरेत. सोलकढी फुकट द्यायची असेल तर 'इट्स ऑन द हाउस'. पंगतीत हवं ते वाढून घ्या म्हणायला 'हेल्प युअरसेल्फ'. निवांत होऊ द्या म्हणायला 'टेक युअर टाइम'. काही लागलं तर हाक मारा म्हणायला 'गिव्ह मी अ शाउट'. वहीत एखादा वाक्प्रचार वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून तीनदा आला की पाचवा म्हणून तो घ्या, त्याआधी नको.

वाक्प्रचार जसाच्या तसा ठेवावा लागतो. 'ऑन द हाउस'चं 'इन द हाउस' केलं की अर्थ गेला. आपल्या भाषेत 'द' आणि 'अ'सारखं काही नाही, म्हणून तेच सर्वांत आधी गळतात. 'आउट ऑफ द क्वेश्चन' म्हणजे शक्यच नाही, यातला 'द' गाळायचा नाही. प्रसंगही बघा: जड बॅग घेऊन उभ्या असलेल्या आजींना 'हेल्प युअरसेल्फ' म्हणणं म्हणजे तुमचं तुम्ही उचला म्हणण्यासारखं होईल.

आपली देशी इंग्रजीही इथेच चाळून घ्या. 'आउट ऑफ स्टेशन', 'प्रीपोन', 'डू द नीडफुल' हे बऱ्याच परदेशी पाहुण्यांना कळत नाही. 'पार्सल' म्हटलं की त्यांना पोस्टातलं पार्सल आठवतं, तेव्हा 'टेकअवे' म्हणा. जेवणाच्या जागेला 'हॉटेल' म्हटलं तर त्यांना राहायची जागा वाटते, 'रेस्टॉरंट' म्हणा. आणि 'द बीच इज ऑन अवर बॅकसाइड' हे वाक्य तर आजच बंद करा, कारण 'बॅकसाइड' म्हणजे बसायचा अवयव. 'बिहाइंड द हाउस' म्हणा. पाटीवर, माहितीपत्रकात, गूगलच्या वर्णनात कुठे 'बॅकसाइड' छापलं असेल तर तेही बदला.

सावधान: समुद्राबद्दल सांगताना वाक्प्रचार पूर्ण वर्ज्य. 'आय वुडन्ट इफ आय वर यू' म्हणजे मी तुमच्या जागी असतो तर गेलो नसतो. हे इतकं सौम्य आहे की तरुण पोरं हसून पाण्यात उतरतात. 'वी'ल चान्स इट' असं पाहुणे म्हणाले तर त्यांनी धोका पत्करायचं ठरवलंय असं समजा आणि तिथेच अडवा. सरळ हुकमी वाक्यं वापरा, आणि तीच खोलीत दारामागे मोठ्या अक्षरांत लावा: 'डू नॉट स्विम हिअर.' 'नो स्विमिंग आफ्टर डार्क.' 'नो स्विमिंग इन द मॉन्सून.' 'आस्क अस बिफोर यू गो इन द वॉटर.'